इंग्रजी कादंबरी वाचायला शब्द किती लागतात?

या अंकासाठी आलेल्या पत्रांत इंग्रजी वाचनाविषयीचे प्रश्न बरेच होते, म्हणून या वेळी सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी मूळचा अंबाजोगाई तालुक्यातील असून सध्या छत्रपती संभाजीनगर येथील एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. शब्दसंग्रहाचे एक जाड पुस्तक मी पाठ केले आहे आणि समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांच्या प्रश्नांत माझे गुण सहसा जात नाहीत. मात्र मित्राने दिलेली इंग्रजी कादंबरी उघडली, तेव्हा पहिल्याच पानावर अडलो. पाठ केलेल्या शब्दांपैकी एकही त्या पानावर नव्हता. आणखी किती शब्द पाठ करावेत?

उत्तर : आणखी पाठ करू नयेत, निदान त्या पुस्तकातले तरी नकोत. परीक्षेसाठी शब्दांची यादी करणाऱ्याला उमेदवारांना चाळणी लावायची असते, त्यामुळे तो मुद्दाम विरळ शब्द निवडतो. ‘ऑब्सिक्विअस’, ‘पर्निशस’, ‘गॅर्युलस’ हे अशा याद्यांचे कायमचे मानकरी आहेत. पण तीनशे पानांच्या कादंबरीत ते एकदाही आले नाहीत, तर त्यात नवल नाही. कादंबरीकाराला माणसे उठवायची-बसवायची असतात, त्यांना खांदे उडवायला, भुवया आक्रसायला, पुटपुटायला, दाराला टेकून उभे राहायला लावायचे असते, आणि त्यासाठी तो ‘श्रग’, ‘फ्राउन’, ‘मटर’, ‘लीन’, ‘ग्लान्स’, ‘नज’ असे शब्द पानोपानी वापरतो. हे शब्द इतके साधे आहेत की परीक्षकाला ते विचारावेसे वाटत नाहीत, आणि इतके घरगुती आहेत की आपल्या पाठ्यपुस्तकांतील धड्यांतही ते क्वचितच येतात. मराठी माध्यमातून शिकलेल्या बहुतेक वाचकांचे इंग्रजी नेमके येथे पोकळ असते. तळाचे शब्द शाळेने दिलेले असतात, वरचे दुर्मीळ शब्द शिकवणीने दिलेले असतात आणि मधला थर कोणीच दिलेला नसतो.

या थराचा आकार अभ्यासकांनी मोजलेला आहे. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये इंग्रजी कादंबऱ्यांचा मजकूर तपासून असे दाखवले की, कोशाशिवाय आरामात वाचायचे असेल, म्हणजे मजकुरातील ९८ टक्के शब्द ओळखीचे हवे असतील, तर सुमारे ८,००० ते ९,००० शब्दकुले माहीत असावी लागतात. ‘हॅपी’, ‘हॅपिली’, ‘हॅपिनेस’, ‘अनहॅपी’ हे सगळे मिळून एक शब्दकुल होते. आकडा ऐकून दडपून जाण्याचे कारण नाही, कारण सगळे शब्द सारखे कामाचे नसतात. सर्वाधिक वापरातील २,००० शब्दकुलांतच कादंबरीचा ८५ ते ९० टक्के मजकूर येऊन जातो, आणि ४,००० झाली की, व्यक्तींची व गावांची नावे धरून, आपण ९५ टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. पानावर तीनशे शब्द धरले, तर ९० टक्क्यांना प्रत्येक पानावर तीस शब्द अनोळखी उरतात, ९५ टक्क्यांना पंधरा आणि ९८ टक्क्यांना सहा. ज्या पानावर तीस ठिकाणी अडावे लागते ते पान वाचणे ही निव्वळ मजुरी आहे. पंधरा असतील तर चिकाटीने वाचता येते, आणि सहा असतील तर गोष्टच आपल्याला पुढे ओढत नेते.

मग आठ हजार शब्द होईपर्यंत कादंबरीला हात लावू नये काय? माझे मत याच्या अगदी उलट आहे. कोणत्याही लांब मजकुरातील वेगवेगळे शब्द वेचून मोजले, तर त्यांतील जवळजवळ निम्मे शब्द त्या मजकुरात एकदाच आलेले आढळतात. म्हणजे कादंबरी सुरू करण्यापूर्वी तिच्यातील सगळे कठीण शब्द पाठ करू पाहणारा वाचक पुष्कळसे श्रम अशा शब्दांवर खर्च करतो, जे त्याला त्या पुस्तकात पुन्हा भेटणारच नाहीत. आपल्याकडच्या ग्रामीण कादंबरीत ‘ढाळज’, ‘माळवद’, ‘बळद’ असे शब्द आले, तर पुण्या-मुंबईचा वाचक कोश शोधायला उठत नाही. ढाळजेत माणसे बसतात आणि माळवदावर वाळवण घालतात, एवढे वाक्यावरून उमगले की तो पुढे जातो आणि त्याच्या आनंदात काही उणे पडत नाही. इंग्रजी वाचताना मात्र आपण प्रत्येक अनोळखी शब्दाला परीक्षेतील प्रश्न समजतो. लातूर पॅटर्नच्या मुलखात ही सवय सुटणे जरा जडच जाते, कारण तिने अनेकांना गुणही भरभरून दिलेले असतात.

आपण कादंबरी निवडताना पहिले पान पाहू नये. पहिली तीस-चाळीस पाने बहुधा सर्वांत जड असतात, कारण गाव, घर, ऋतू, माणसांचे चेहरे आणि कपडे यांची वर्णने तेथेच एकवटलेली असतात. मधली दोन-तीन पाने उघडून अनोळखी शब्द मोजावेत, आणि ते पानामागे पंधरापेक्षा बरेच अधिक असतील तर ते पुस्तक सध्या बाजूला ठेवावे. वाचताना अनोळखी शब्द पहिल्यांदा आला की पेन्सिलीने हलकी खूण करून पुढे जावे. तोच शब्द दुसऱ्यांदा आला की मग कोश उघडावा, कारण तो या लेखकाच्या नेहमीच्या वापरातला आहे, हे आता सिद्ध झालेले असते. वाक्याचा अर्थच अडून राहिला तर अर्थात पहिल्याच वेळी पाहावे. एक पुस्तक संपल्यावर शक्यतो त्याच लेखकाचे दुसरे घ्यावे. प्रत्येक लेखकाचे शब्द ठरलेले असतात, त्यामुळे पहिल्या पुस्तकात कमावलेले दुसऱ्यात लगेच उपयोगी पडते.

आपण नाव विचारलेले नाही, तरीही सुचवतो. आर. के. नारायण यांची १९३५ सालची ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ घ्यावी, कारण त्यातील शाळा, परीक्षा, आजी, क्रिकेट हे सर्व आपल्या परिचयाचे आहे आणि परकी आहे ती फक्त भाषा. त्यानंतर जॉर्ज ऑर्वेल यांची १९४५ सालची ‘ॲनिमल फार्म’ घेता येईल. ती दहाच प्रकरणांची, सुमारे तीस हजार शब्दांची आहे आणि तिच्यात गोठा, चारा, कापणी यांचे शब्द सतत येत राहतात. शेती पाहिलेल्या वाचकाला ते अंदाजाने ओळखणे शहरी वाचकापेक्षा सोपे जाते.

प्रश्न : इंग्रजी कादंबरीचा मराठी अनुवाद आधी वाचणे योग्य आहे का? (एक वाचक, हिंगोली)

उत्तर : पहिल्या तीन-चार प्रकरणांपुरते योग्य आहे. प्रसंग आधी माहीत असला की अनोळखी शब्दाचा अंदाज बांधणे सोपे जाते, आणि जड आरंभ लवकर ओलांडता येतो. त्यानंतर अनुवाद मिटून ठेवावा. संपूर्ण कथा आधीच कळली तर मूळ पुस्तक हाती धरण्याचे कारणच उरत नाही, आणि रहस्यकथेच्या बाबतीत तर हा उपाय वाचनाचा घातच करतो. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून ओळीला ओळ जुळवत बसू नये, कारण चांगला अनुवादक वाक्ये मोडतो, जोडतो, मागेपुढे करतो, आणि एका शब्दासमोर एक शब्द सापडेल ही अपेक्षा तेथे फोल ठरते.

प्रश्न : मी नांदेड येथे राहतो. शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यावर इंग्रजी कादंबऱ्या वाचण्याची जुनी इच्छा पूर्ण करीत आहे. कोश कोणता वापरावा, इंग्रजी-मराठी की इंग्रजी-इंग्रजी? नातू म्हणतो की मोबाइल असताना कोशाची गरजच काय.

उत्तर : दोन्ही कोश जवळ असावेत, पण त्यांची कामे वेगळी आहेत हे लक्षात ठेवावे. झाड, पक्षी, आजार, अवजार, नातेसंबंध यांची नावे अडली तर इंग्रजी-मराठी कोश पाहावा. तेथे एका शब्दात काम होते, आणि इंग्रजी कोशातील चार ओळींची व्याख्या वाचूनही जे झाड डोळ्यांपुढे येत नाही, ते मराठी नावाने लगेच येते. क्रियापदे आणि विशेषणे यांच्यासाठी मात्र इंग्रजी-मराठी कोश अपुरा पडतो. तो पाच-सहा प्रतिशब्द ओळीने देतो आणि प्रस्तुत वाक्यात त्यांपैकी कोणता लागू आहे, हे वाचकावर सोडतो. येथे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी कोश हवा. इंग्रजांसाठी केलेला मोठा कोश या कामी नको, कारण त्यातील व्याख्या समजून घेण्यासाठी पुन्हा दुसरा कोश लागतो.

शिकणाऱ्यांच्या कोशांचा इतिहास आपल्यासारख्या शिक्षकाला रंजक वाटेल. बंगालमध्ये ढाक्याला शिक्षणखात्यात काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९३५ मध्ये असा कोश काढला की, त्यातील सर्व व्याख्या अवघ्या १,४९० शब्दांत बसवल्या होत्या. ए. एस. हॉर्न्बी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. त्यांचा कोश १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो पुन्हा प्रसिद्ध केला. आज सर्वत्र मिळणारा ऑक्सफर्डचा ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ कोश हा त्याचाच वंशज आहे. लाँगमनने १९७८ मध्ये सुमारे २,००० शब्दांच्या मर्यादेत व्याख्या देणारा कोश आणला. म्हणजे तळाचे दोन हजार शब्द पक्के असले की अशा कोशातील व्याख्या कोणाच्याही मदतीशिवाय समजते. छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात किंवा आपल्या शहरातील पाठ्यपुस्तकांच्या दुकानांत यांपैकी एखादा मिळावा. मागची आवृत्तीही पुरेशी आहे.

आपण एकोणिसाव्या शतकातील कादंबऱ्या वाचणार असाल, तर मोल्सवर्थ यांनी आरंभलेला आणि थॉमस कँडी यांनी पूर्ण केलेला १८४७ सालचा इंग्रजी-मराठी कोश अवश्य चाळावा. तो त्याच काळातील असल्याने, आज लोपलेल्या वस्तूंना आणि रीतींना त्या काळचे जिवंत मराठी शब्द तेथे सापडतात. रोजच्या वाचनाला मात्र त्याचा उपयोग नाही.

आपल्या नातवाचे म्हणणे अर्धे खरे आहे. मोबाइलवर अर्थ झटपट मिळतो, उच्चार ऐकता येतो आणि ‘मँटलपीस’ किंवा ‘हेज’ म्हणजे काय, हे चित्र पाहून एका क्षणात कळते. असे चित्र पाहणे दहा ओळींच्या वर्णनापेक्षा बरे. परंतु अर्थ पाहायला उचललेला मोबाइल पुन्हा खाली ठेवला जाईलच असे नाही. म्हणून परिच्छेद संपल्याशिवाय कोश उघडायचा नाही, एवढा नियम पाळावा. पुष्कळदा परिच्छेदाच्या अखेरीस पोहोचेपर्यंत अर्थ आपोआप कळलेला असतो.

प्रश्न : माझी मुलगी जालन्यात आठवीला सेमी-इंग्रजी माध्यमात शिकते. तिला थेट कादंबरी द्यावी का?

उत्तर : थेट देऊ नये. पायरीपायरीने शब्द वाढवत नेणारी वाचनपुस्तके मिळतात, ती द्यावीत. ऑक्सफर्डच्या ‘बुकवर्म्स’ मालेत पहिल्या पायरीची पुस्तके ४०० शब्दांच्या आधारे लिहिलेली असतात आणि सहाव्या पायरीवर ही संख्या २,५०० पर्यंत जाते. सेमी-इंग्रजीच्या मुलांना गणित-विज्ञानाचे इंग्रजी शब्द पुष्कळ येतात, पण गोष्टीचे शब्द येत नाहीत, म्हणून तिला कमीपणा न वाटू देता दुसऱ्या पायरीपासून सुरुवात करावी. एका पायरीवरील निदान पाच-सहा पुस्तके वाचून झाल्याशिवाय पुढची पायरी नको. वर उल्लेखिलेल्या वेस्ट यांनी ढाक्यातील मुलांसाठी शंभर वर्षांपूर्वी हेच केले होते. वाचनपुस्तकांतील विरळ शब्द काढून त्यांनी त्या जागी नेहमीचे शब्द घातले आणि प्रत्येक नवा शब्द पुढे पुन्हा पुन्हा येईल अशी योजना केली. पुस्तके जिल्हा ग्रंथालयात किंवा शाळेच्या ग्रंथालयात नसतील तर मागणी नोंदवावी. मागणी नसते म्हणूनही ती घेतली जात नाहीत.

प्रश्न : मी गावाहून परभणीला एसटीने ये-जा करून पदवीचे शिक्षण घेते. कादंबरीतील शब्द वहीत लिहून वही भरली, पण मागची पाने उघडली तर निम्मे शब्द पुन्हा अनोळखी झालेले असतात. काय चुकते?

उत्तर : वही लिहिली गेली, पण वाचली गेली नाही, हे पहिले कारण. दुसरे असे की, शब्दापुढे नुसता मराठी प्रतिशब्द लिहिलेला असेल, तर त्या शब्दाला आठवणीत टेकायला जागाच मिळत नाही. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते की, पाठ केलेल्या गोष्टींपैकी मोठा भाग पहिल्या दिवसभरातच विसरला जातो आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून उजळणी पहिल्या दिवशी, मग दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याने अशी वाढत्या अंतराने करावी लागते.

त्यासाठी वहीपेक्षा सुट्या चिठ्ठ्या बऱ्या. लग्नसराईत घरी येणाऱ्या पत्रिकांची कोरी बाजू कापून उत्तम चिठ्ठ्या होतात. एका बाजूला कादंबरीतील संपूर्ण वाक्य लिहून शब्दाखाली रेघ ओढावी, आणि दुसऱ्या बाजूला आपल्या बोलीत अर्थ लिहावा. कोशातील शब्द उतरवण्यापेक्षा आपल्या घरात जसे म्हणतात तसे लिहिलेले अधिक टिकते. चिठ्ठ्या तीन गठ्ठ्यांत ठेवाव्यात. रोज पाहायच्या चिठ्ठ्या एका गठ्ठ्यात, चार दिवसांनी पाहायच्या दुसऱ्यात आणि पंधरवड्याने पाहायच्या तिसऱ्यात. अर्थ आठवला की चिठ्ठी पुढच्या गठ्ठ्यात जाते, चुकला की पुन्हा पहिल्या गठ्ठ्यात येते. ही रीत सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केली आणि ‘अंकी’ हे मोबाइलमधील ॲपही वाढत्या अंतराच्या याच तत्त्वावर चालते. पण हलत्या एसटीत हातातल्या चिठ्ठ्या पाहणे डोळ्यांना कमी त्रासाचे जाईल.

रोज पाचच नवे शब्द घ्यावेत. वर्षातले तीनशे दिवस धरले तरी दीड हजार शब्द होतात, आणि त्यांना जोडून येणारे ‘अन’, ‘डिस’, ‘मिस’ हे उपसर्ग आणि ‘नेस’, ‘लेस’, ‘फुल’ हे प्रत्यय ओळखता आले की प्रत्येक शब्दामागे आणखी एक-दोन शब्द विनासायास पदरात पडतात. चिठ्ठ्यांवर वाचनाहून अधिक वेळ मात्र जाऊ देऊ नये. शब्द पक्का होतो तो वेगवेगळ्या वाक्यांत पुन्हा पुन्हा भेटूनच. चिठ्ठी त्याला तोवर विसरू देत नाही, एवढेच तिचे काम.

प्रश्न : मी उदगीर येथे बँकेत नोकरी करतो. माझी अडचण वेगळी आहे. वाक्यातील प्रत्येक शब्द ओळखीचा असतो आणि तरीही अर्थ लागत नाही. उदाहरणार्थ, ‘शी हॅड टर्न्ड हिम डाउन ट्वाइस’ आणि ‘ऑन संडेज ही’ड टर्न अप लेट अँड नोबडी वुड माइंड’ ही दोन वाक्ये.

उत्तर : आपली अडचण या सर्व पत्रांत सर्वांत महत्त्वाची आहे, कारण पहिल्या उत्तरात दिलेले टक्के तिला मोजतच नाहीत. ‘टर्न’, ‘डाउन’, ‘अप’ हे तीनही शब्द पहिल्या हजारातले आहेत, त्यामुळे हिशेबाने आपल्याला दोन्ही वाक्ये जवळजवळ पूर्ण येतात. प्रत्यक्षात ‘टर्न डाउन’ म्हणजे नकार देणे आणि ‘टर्न अप’ म्हणजे येऊन हजर होणे. हे स्वतंत्र शब्द आहेत, आणि ते पुढे टपून बसलेत हे कळतही नाही. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला ‘उठणे’ आणि ‘दिसणे’ ही दोन्ही क्रियापदे येत असली, तरी ‘उठून दिसणे’ कळेलच असे नाही, तसेच हे आहे. पाठ्यपुस्तकांचे इंग्रजी ‘रिजेक्ट’, ‘टॉलरेट’, ‘रिझेम्बल’ असे भारदस्त शब्द शिकवते. कादंबरीतील माणसे मात्र ‘टर्न डाउन’, ‘पुट अप विथ’, ‘टेक आफ्टर’ असेच बोलतात.

अशा जोड्या नोंदवताना क्रियापद आणि त्याला चिकटलेला शब्द मिळून एकच शब्द मानावा, आणि कोशात तो मूळ क्रियापदाच्या नोंदीच्या अखेरीस शोधावा. या चिकटणाऱ्या शब्दांचा कल ओळखता आला तर अंदाजही बांधता येतो. ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’, ‘ईट अप’ यांतील ‘अप’ बरेचदा आपल्या ‘पिऊन टाकणे’, ‘संपवून टाकणे’ यांतील ‘टाकणे’चे काम करतो, आणि ‘रीड ऑन’, ‘ड्राइव्ह ऑन’ यांतील ‘ऑन’ म्हणजे क्रिया पुढे चालू ठेवणे. ‘टर्न अप’मध्ये हा कल लागू पडत नाही, तेव्हा याला नियम समजू नये.

आपल्या दुसऱ्या वाक्यात आणखी एक पेच आहे. शाळेत आपण ‘वुड’ म्हणजे संकेतार्थ, ‘केले असते’ एवढेच शिकतो. कादंबरीत मात्र ते फार वेळा जुन्या सवयीसाठी येते, आणि त्याला मराठीत तंतोतंत जुळणारा रीतिभूतकाळ आहे: तो जाई, ती म्हणे, ते बसत. हा अर्थ मनात ठेवला तर स्मरणरंजनाची पानेच्या पाने मोकळी होतात. ‘ही’ड’ यातील संक्षेप ‘हॅड’चाही असू शकतो आणि ‘वुड’चाही. पुढे ‘गॉन’, ‘सीन’ यांसारखे रूप असेल तर ‘हॅड’, आणि ‘गो’, ‘सी’ असे मूळ रूप असेल तर ‘वुड’. ‘पुट’ किंवा ‘कट’ यांसारख्या क्रियापदांची दोन्ही रूपे सारखीच असल्याने तेथे आजूबाजूच्या वाक्यांवरूनच ठरवावे लागते. आपल्या वाक्यात ‘टर्न’ हे मूळ रूप आहे, शिवाय ‘ऑन संडेज’ हे सवयीकडे बोट दाखवणारे शब्द आरंभीच आले आहेत. तेव्हा पहिल्या वाक्याचा अर्थ ‘तिने त्याला दोनदा नकार दिला होता’ असा होतो, आणि दुसऱ्याचा ‘रविवारी तो उशिरा उगवे आणि कोणाला त्याचे काही वाटत नसे’ असा.